'दालचिनी घ्या, गोळ्या सोडा' या मेसेजला एका मेडिकलवालीचं उत्तर

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला अकरा जणांनी पाठवला. त्यातले सात जण आमच्या दुकानाचे गिऱ्हाईक. ठाण्याच्या पाचपाखाडीत आमचं मेडिकल आहे आणि औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन मी तिथं एकोणीस वर्षं उभी आहे, त्यामुळे 'ताई, हे खरं का हो?' हा प्रश्न शेवटी माझ्याच काउंटरवर येऊन पडतो. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मेसेज असा: रोज सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात एक चमचा दालचिनी पावडर आणि एक चमचा प्रीबायोटिक फायबर. २१ दिवसांत शुगर नॉर्मल. परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेलं. आतडी आतून धुऊन निघतात. गोळ्यांची गरज उरत नाही. घरगुती असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य. ठाण्यात अनेकांना गुण आलाय, पुढे पाठवा.

आधी एक कबुली. फायबरचे डबे मी विकते. हा मेसेज जितका फिरेल तितका माझा गल्ला भरेल. तरीही लिहितेय.

'परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेलं.' यामागे एक खरा प्रयोग आहे. २००३ साली 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात तो छापून आला. पाकिस्तानातल्या टाइप २ मधुमेहाच्या ६० रुग्णांना ४० दिवस रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी किंवा तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल दिली गेली. दालचिनीवाल्यांची फास्टिंग शुगर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. आकडा दणदणीत आहे, वाद नाही. पण दोन गोष्टी मेसेजवाल्यांनी गिळल्या. एक, त्या सगळ्या रुग्णांच्या शुगरच्या गोळ्या चालू होत्या आणि प्रयोगभर तशाच चालू राहिल्या. म्हणजे गोळ्या सोडा म्हणणाऱ्यांचा पुरावाच मुळात गोळ्या खाणाऱ्या माणसांवरचा आहे! दुसरी, त्यात एचबीएवनसी, म्हणजे आपण ज्याला तीन महिन्यांचा रिपोर्ट म्हणतो तो, मोजलेलाच नव्हता. शिवाय एक ग्रॅम घेणाऱ्यांना आणि सहा ग्रॅम घेणाऱ्यांना जवळपास सारखाच फायदा दिसला. औषध खरंच काम करत असेल तर मात्रेप्रमाणे काहीतरी फरक दिसावा, एवढं तरी आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात.

त्यानंतर इतरांनी करून पाहिलं. २००६ साली नेदरलँड्समध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या २५ मधुमेही बायकांना सहा आठवडे रोज दीड ग्रॅम दालचिनी किंवा खोटी कॅप्सूल दिली. दोन गटांत काही फरक निघाला नाही. २०१२ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात दहा प्रयोग आणि ५७७ माणसं एकत्र तपासली. निष्कर्ष, मधुमेहासाठी दालचिनी घ्या असं सांगण्याइतका पुरावा नाही. २०१३ साली आणखी एका एकत्रित आढाव्यात फास्टिंग खाली आलेली दिसली, पण एचबीएवनसी जागचं हललं नाही आणि प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळतही नव्हते. दालचिनी अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. थोडं काहीतरी होतही असेल. पण 'सिद्ध' हा शब्द इथं बसत नाही.

'घरगुती, म्हणून साइड इफेक्ट शून्य.' इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गोम दालचिनीच्या सालीतच आहे.

दर मार्चमध्ये आम्ही तिघी-चौघी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून तुर्भ्याला उतरतो आणि मसाला मार्केटात वर्षाच्या मसाल्याची खरेदी करतो. ब्याडगी, संकेश्वरी, धणे, मग खडा मसाला. या वर्षी मी गाळ्यावरच्या दादांना म्हटलं, दालचिनी दोन्ही प्रकारची दाखवा. त्यांनी दोन तुकडे समोर ठेवले. एक जाड, लालसर तपकिरी, एकाच सालीची आत वळलेली पन्हळ. मोडताना कडकन आवाज झाला. दुसरा फिकट, कागदासारख्या पातळ साली एकात एक गुंडाळलेल्या, विडीसारखा. बोटांत धरून दाबला तर चुरा झाला. पहिली कॅशिया, चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडून येणारी. दुसरी सिलोनची, भावाने कितीतरी महाग. आपल्या कोकणातही ही दुसरी जात होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाचं वाण काढलंय आणि नारळी-पोफळीच्या बागांत ते आंतरपीक म्हणून लावतात. पण दादाच म्हणाले, "ताई, शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं जाडच नेतात."

आता त्या जाड सालीत कूमरिन नावाचं द्रव्य असतं. ते जास्त प्रमाणात आणि रोज पोटात गेलं तर काही लोकांच्या यकृताला बाधतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा ठरवली आहे ती शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅशियाच्या एक ग्रॅम पुडीत सरासरी ३ मिलिग्रॅमच्या आसपास कूमरिन सापडतं. एक सपाट चमचा म्हणजे अडीच ग्रॅम. गुणाकार तुम्हीच करा. पहिल्याच चमच्याला रोजची मर्यादा ओलांडली जाते, आणि आपल्याकडे 'चमचा' सपाट कोण घेतो? सिलोनच्या दालचिनीत कूमरिन नावापुरतं असतं. पण एकदा पूड झाली की डोळ्यांनी दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून पुडी विकत घेणाऱ्याला आपण काय खातोय याचा पत्ता नसतो.

घाबरून मसाल्याचा डबा फेकू नका मात्र. मर्यादेच्या वर थोडे दिवस गेल्याने काही होत नाही, आणि बहुतेकांचा यकृताचा त्रास दालचिनी थांबवल्यावर भरून येतो. पुलावातल्या दोन तुकड्यांचा तर प्रश्नच नाही. आपल्या आज्यांनी दालचिनी वापरली ती अशीच, चिमटीने. आयुर्वेदातल्या चतुर्जातातही ती वेलची, तमालपत्र आणि नागकेशराच्या जोडीला येते, वाडगाभर नाही. 'कूमरिनने रक्त पातळ होतं' असंही एक उपकथानक फिरतंय. तेही चूक. रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी त्याच कुळातली आहे, पण साधं कूमरिन ते काम करत नाही.

'आतडी आतून धुऊन निघतात.' आतडी म्हणजे मोरीचा पाइप नव्हे. आतल्या अस्तराच्या पेशी दर तीन-पाच दिवसांनी आपोआप बदलतात. त्यांना धुणं लागत नाही, खाणं लागतं, आणि इथून फायबरची गोष्ट सुरू होते. मेसेजमधला हाच भाग सगळ्यात खरा आहे आणि तोच त्यांनी सगळ्यात ढिसाळ लिहिलाय.

'प्रीबायोटिक' हा शब्द १९९५ साली आला. मोठ्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं जे अन्न आपल्याला पचत नाही पण त्यांना पचतं, ते प्रीबायोटिक. (दह्यातले जिवाणू ते प्रोबायोटिक. एका अक्षराचा फरक, रोज काउंटरवर गोंधळ.) चिकोरीच्या मुळातून काढलेलं इन्युलिन हे त्याचं ठळक उदाहरण. कांदा-लसणातही ते असतं. जिवाणू ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावर जगतात. आंबवण्यातून गॅसही होतो. पहिल्याच दिवशी भरला चमचा घेणारे तिसऱ्या दिवशी पोट धरून माझ्याकडेच येतात. ज्यांचं आतडं आधीच चिडकं आहे त्यांनी तर जपूनच.

गंमत अशी की मेसेज वाचून लोक माझ्याकडे मागतात ते बहुतेकदा इसबगोल. इसबगोल जिवाणूंना फारसं आंबवता येत नाही, म्हणून नेमकं बोलायचं तर ते प्रीबायोटिक नव्हेच. ते पाणी धरून जेली बनवतं. त्या जेलीमुळे साखर रक्तात हळू उतरते, कोलेस्टेरॉल थोडं कमी होतं, बद्धकोष्ठ आणि पातळ शौच दोन्हींत उपयोग होतो. म्हणजे शुगरसाठी या मेसेजमध्ये थोडाफार दम असलाच तर तो दालचिनीपेक्षा गुजरातमधल्या उंझ्याच्या बाजारातून येणाऱ्या या भुशीत आहे. पण तीही जेवणाबरोबर आणि मोठा ग्लासभर पाण्यातून घ्यायची. साखर हळू उतरवायची तर पोटात साखर देणारं काही हवं ना! उपाशीपोटी घेऊन ती कुणाला अडवणार? आणि कोरडी किंवा घोटभर पाण्यात घेतली तर घशात अडकू शकते.

चवीच्या डब्यांबद्दल एकच. मागचे घटक वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत 'शुगर केअर' आणि मागे बारीक अक्षरांत माल्टोडेक्स्ट्रिन असे डबे मी पाहिलेत. माल्टोडेक्स्ट्रिन रक्तात साखरेइतक्याच झपाट्याने चढतं. आणि अशा पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं कायद्याने सक्तीचं आहे. तेवढी ओळ दिवाणखान्यात नेऊन वाचून दाखवा.

जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून सांगतेय, मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम फायबर, तेही अन्नातून. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात १० ग्रॅमच्या वर असतं, बाजरीत ११च्या वर, अख्ख्या हरभऱ्यात २५, पांढऱ्या तांदळात मात्र तीनही नाही. दोन भाकऱ्या, वाटीभर मोडाच्या मुगाची उसळ, एक कोशिंबीर, सालीसकट पेरू, झाले की पंधरा-वीस ग्रॅम. इन्युलिनसाठी डबा कशाला, कांदा आपण भाकरीबरोबर बुक्की मारून खाणारी माणसं. अर्थात भाकरीला फायबर आहे म्हणून दोनाच्या चार केल्या तर शुगर चढणारच.

'ठाण्यात अनेकांना गुण आलाय.' त्यातले एक काका माझ्या ओळखीचे. वय ६८, वहीत रोजची फास्टिंग लिहिणारे. त्यांनी मला दाखवलं, १६० होती, दोन आठवड्यांत १४२ झाली. मी वही बघितली. घरगुती ग्लुकोमीटरला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभराच्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे खरी शुगर १६० असली तर यंत्र १३६ही दाखवू शकतं, १८४ही. आणि त्याच दोन आठवड्यांत काकांनी संध्याकाळची खारी सोडली होती, उपवन तलावाला फेऱ्या सुरू केल्या होत्या. श्रेय मात्र सगळं दालचिनीला.

मग त्यांनी ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळीची पट्टी न्यायची बंद केली. माझ्या लक्षात यायला दीड महिना गेला, तो माझा दोष. सुनेने लॅबमध्ये नेलं तेव्हा फास्टिंग २६८. तहान, रात्री चार वेळा उठणं, हे त्यांनी उन्हाळ्यावर ढकललं होतं. कुणाची गोळी कमी होतेही, बंदही होते, वजन उतरवलेल्या माणसांची मी पाहिलीय. पण ती डॉक्टर रिपोर्ट बघून करतात. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे. मेसेजला जाहिरातदाराचं नाव नसतं एवढाच फरक.

काका आता पुन्हा पट्टी नेतात. परवा आले ते काकूंसाठी, इसबगोलचा पुडा मागायला. काकूंची थायरॉइडची गोळी सकाळी सहाला, उपाशीपोटी. मेसेजमधला चमचाही सहालाच, उपाशीपोटी. दोन्ही एकदम घेतलं की गोळी नीट शोषली जात नाही. विचारलं, "किती दिवस चाललंय?" म्हणाले, "तीन आठवडे." मी पुड्यावर पेनाने लिहून दिलं, 'रात्री जेवताना, मोठा ग्लास पाणी, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब', आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा कधी करायचं ते डॉक्टरांना विचारा असं सांगितलं. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "आणि ती दालचिनी? अर्धा किलो दळून आणलीय हो."