केबल तुटली की मोबाइलचं नेट का जातं?

रावेर-यावल भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मोबाइलचं नेट थेट उपग्रहावरून येतं, तेव्हा रस्त्याच्या कामात केबल तुटल्याचं कारण निव्वळ थाप आहे. हे खरं नाही.

फोनपासून हवेतून जातं ते टॉवरपर्यंतच, फार तर काही किलोमीटर. पुढचं काम, कुठे थेट तर कुठे दुसऱ्या टॉवरमार्फत, शेवटी जमिनीखालची फायबर केबल करते. जेसीबीच्या दातात ती सापडली की रेंजच्या कांड्या भरलेल्या दिसतात, पण काहीच उघडत नाही. कांड्या सांगतात ते टॉवरपर्यंतचं. टॉवरवरचे पांढरे, ढोलासारखे गोल अँटेना असतात, तेही आभाळाकडे नव्हे, दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून असतात. उपग्रहाचं नेट असतं, नाही असं नाही. पण त्याला सहसा छतावर वेगळी डिश लागते.

घरच्या वाय-फायचंही तेच. राउटर ते फोन हवेतून, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर. राउटरच्या मागे बहुतेकदा वायर आहेच. मळ्यातल्या घराचं वाय-फाय केळीच्या बागेत शिरत नाही, ही तक्रार मात्र रास्त. केळीच्या पानाखोडात पाणीच पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेतं.