आमची गुप्त मोहीम

चिरंजीव दहावीत गेल्यापासून घरात तीनच शब्द बोलतात : ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’. त्याच्या शाळेत काय चाललंय ते काढून घ्यायचं, म्हणून मी दोस्त व्हायचं ठरवलं. म्हटलं, तुझ्या आवडीचा सिनेमा लाव, दोघं बघू.

त्याने लावला ‘२१ जंप स्ट्रीट’. २०१२ चा. दोन पोलीस विद्यार्थी बनून हायस्कुलात घुसतात, पोरांना नशेचा माल कोण पुरवतं ते शोधायला. मी चपापलो. याला माझा बेत कळला की काय?

अमेरिकेत हा सिनेमा १७ वर्षांखालच्यांनी पालकांसोबतच बघायचा, असा नियम. यात पालकांचे काय हाल होतात, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. आइस क्यूब या नटाने रंगवलेल्या त्यांच्या साहेबाने तोंड उघडलं की शिवीच. दर शिवीला मी खोकत होतो. चिरंजीव मख्ख.

पण त्या दोघांतला एक, चॅनिंग टेटमचा जेन्को, शाळेत पाऊल टाकतो तिथे मी खोकायचं विसरलो. गडी मोठ्या ऐटीत सॅक एकाच खांद्यावर टाकून जातो आणि बघतो तर सगळी पोरं दोन्ही पट्टे अडकवून! अहो, आमच्या वेळी दोन्ही पट्टे लावणारा म्हणजे पहिल्या बाकावरचा, बाईंचा लाडका. हे कधी बदललं? आम्हाला कोणी कळवलं का नाही? पुढे तर याला आपलं खोटं नावही धड आठवत नाही आणि दोघांच्या ओळखींची अदलाबदल होते. मग हा दांडगा रसायनशास्त्राच्या वर्गात हुशार पोरांत जाऊन पडतो आणि जोना हिलचा एके काळचा बावळट श्मिट शाळेचा हिरो होतो.

माझा खोकला ऐकून आई आलं-मध घेऊन आली आणि सोफ्यावर बसलीच. पडद्यावर पाठलाग चालू होता. पेट्रोलचा टँकर आता फुटेल म्हणून तिने कानांवर हात घेतले. टँकर फुटलाच नाही. फुटला तो कोंबड्यांचा ट्रक!

“एवढे घोडे झाले तरी शाळेतच?” आई म्हणाली. “नापास झाले असतील.”

“आजी, ते पोलीस आहेत. नशेचा माल विकणाऱ्यांना पकडायला आलेत.”

“हो का? तुमच्या शाळेत विकतं का रे कोणी असलं काही?”

इतकं सरळ! मी तीन महिने याच प्रश्नाभोवती घिरट्या घालत होतो.

“छे गं आजी,” म्हणून चिरंजीव सुरू झाले. कोण कोणाशी बोलत नाही, गणिताच्या सरांना काय नाव ठेवलंय, मागच्या गेटवर काय मिळतं... पडद्यावर गोळ्या सुटत होत्या, त्यामुळे नेमकं तेच ऐकू येईना. मी पडद्यावरची नजर न काढता रिमोट उचलला आणि आवाज हळूच कमी केला.

“बाबा,” चिरंजीव म्हणाले, “आवाज का कमी केलास?”

“कुठे काय,” मी म्हणालो आणि खोकलो.