प्रागला एकटीने जाऊन बघितलं काय, म्हणे

आज एका साखरपुड्यात पंगतीला शेजारी बसलेल्या भाऊजींनी विचारलं, "वहिनी, प्रागला एकट्याच गेलात? मग बघितलं काय?" उत्तराला थांबलेच नाहीत. पलीकडच्याला सांगायला लागले, "आम्ही अकरा दिवसांत आठ देश केले. प्रागमध्ये काही नाही हो. ते घड्याळ आणि तो पूल. दोन तास पुष्कळ." कार्य दुसऱ्याचं, ताटात जिलबी, म्हणून गप्प बसले. इथे गप्प बसायचं काही कारण नाही.

लेक जर्मनीत ड्रेस्डेनला असते. तिथून चेक देशाची राजधानी प्राग रेल्वेने अडीच तास, तेही एल्बे नदीच्या काठाकाठाने. तिला ऑफिस, जावयांना ऑफिस. मी सकाळच्या गाडीत बसले, रात्री परत आले. एवढंच. यात 'धाडस' म्हणण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

तर घड्याळ. टाऊन हॉलच्या भिंतीवरचं, 1410 सालचं, आजही चालतं. तासाचा ठोका पडायच्या आधी खाली ही गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर. सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, दोन खिडक्यांतून येशूचे शिष्य सरकत जातात, कोंबडा आरवतो, खेळ खलास. लगेच गाईडच्या छत्र्या वर झाल्या आणि माणसं त्यांच्यामागे पळाली. मला पळवणारं कुणी नव्हतं, म्हणून मी टाऊन हॉलला वळसा घातला. तिथे फरसबंदीत पांढरे क्रूस बसवलेत. 27. हॅब्सबर्ग घराण्याच्या सम्राटाविरुद्ध उठाव केला म्हणून 21 जून 1621 ला याच चौकात 27 जणांना सगळ्यांसमोर मारलं, त्यांचे. त्यावर उभे राहून लोक ट्रडेलनिक, म्हणजे दांड्याला गुंडाळून भाजलेला गोड रोल, खात होते. प्रागचा जुना पदार्थ म्हणून गल्लोगल्ली विकतात, मूळचा तिथला नव्हेच. भाऊजींनी नक्की खाल्लं असणार.

पण मला सांगायचंय ते जेवणाचं. चौकातले खाण्याचे भाव बघून डोळे पांढरे झाले, म्हणून नदीच्या दिशेने गल्ल्या तुडवत एका साध्या खाणावळवजा पबमध्ये शिरले. तिथे रिकामी खुर्ची दिसली की परक्याच्या टेबलाशीही विचारून बसतात. मी एका म्हाताऱ्या गृहस्थांसमोर बसले. शाकाहारी माणसाला तिथे हमखास मिळतं ते तळलेलं चीज आणि बटाटे मागवले, आणि प्यायला कोफोला. कम्युनिस्ट राजवटीत 1960 च्या सुमारास निघालेला त्यांचा स्वतःचा कोला, थोडा काढ्यासारखा लागतो. साडीवर स्वेटर घातलेली बाई कोफोला पितेय म्हटल्यावर ते गृहस्थ हसले. मग माझा कागदी नकाशा स्वतःकडे फिरवून घेतला, वेटरची पेन्सिल मागितली, एका रस्त्यावर फुली मारली आणि शेजारी लिहिलं 1942. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चेक. छातीवर हात ठेवून त्यांनी मान हलवली, बस.

मी त्या पुलाकडे, चार्ल्स ब्रिजकडे, निघाले होते. वळले.

रेसलोवा रस्ता, सिरिल आणि मेथोडियस यांचं चर्च. हायड्रिश हा नाझींचा तिथला सर्वेसर्वा. 27 मे 1942 ला गाब्चिक आणि कुबिश या दोन चेकोस्लोव्हाक पॅराट्रूपरनी त्याच्यावर हल्ला केला, तो आठ दिवसांनी मेला. सूड म्हणून नाझींनी लिडित्से हे अख्खं गाव जमीनदोस्त केलं, पुरुषांना गोळ्या घातल्या. हे दोघे आणि त्यांचे पाच साथीदार या चर्चमध्ये लपले होते. फितुरी झाली. 18 जूनला शेकडो सैनिकांनी वेढा घातला. तिघे वर लढले, चौघे तळघरात. रस्त्याकडच्या झरोक्यातून आत पाणी सोडलं, तरी तळघरातलं कुणी जिवंत हाती लागलं नाही. बिशपनी सगळा दोष स्वतःवर घेतला, त्यांनाही मारलं. त्या झरोक्याभोवतीच्या गोळ्यांच्या खुणा मुद्दाम तशाच ठेवल्यात. मी तळघरात किती वेळ होते माहीत नाही. गडांचा अभिमान मिरवणाऱ्या आपल्या लोकांना टूरवाले हे ठिकाण दाखवत नाहीत, याचा मला खरंच राग येतो! बस तिथे थांबत नाही म्हणे. मग दोन पावलं चाला की!

आता म्हणाल, टूरवाल्यांनी व्हिसा, सामान, पोळी-भाजी सगळं बघितलं नसतं तर निम्मे लोक गेलेच नसते. बरं, मान्य. सासूबाईंना न्यायचं असतं तर मीही तेच केलं असतं. पण म्हणून दुसऱ्याच्या दिवसाला 'काय बघितलं' विचारायचं नाही. ग्रुपमध्ये असते तर माझ्यासमोर आपलेच चाळीस लोक लोणच्याची बाटली फिरवत बसले असते. ते गृहस्थ मला कुठे भेटले असते?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. कारण हात धुताना जाऊबाई, म्हणजे याच भाऊजींच्या मिसेस, हळूच म्हणाल्या, "एकटीने हॉटेलात बसून जेवताना अवघडल्यासारखं नाही झालं?" आठ देश फिरलेली बाई. विचार केला तर आमच्या पिढीतल्या कितीजणी एकट्या हॉटेलात जेवल्यात? मी स्वतः सांगलीत कधी जेवले नाही. मग त्यांना सगळं सांगितलं, त्या माणसाने पेन्सिल कशी मागितली ते सुद्धा. दोनदा विचारलं त्यांनी, "आणि तुम्ही लगेच गेलात?"

हो, लगेच गेले. पूल तेव्हा राहिला तो राहिला. नंतर संध्याकाळी उजेड होता तोवर पाहिला, 1357 ला पाया घातलेला, छान आहे, गर्दी मरणाची.

कुणी टूरने जाणार असाल तर मॅनेजरकडे दोन तास मोकळे मागा. मेट्रोने कार्लोवो नामेस्ती स्टेशनला उतरा, तिथून चर्च जवळच आहे. जायच्या आधी कधी उघडं असतं ते बघून घ्या. आणि जाऊबाई, हे वाचत असाल तर गाडीच्या तिकिटाचं मेसेंजरवर टाकलंय. भाऊजींना दाखवायलाच हवं असं नाही.