गोझो एका दिवसात 'उरकायचं' बेट नाही

माल्टाहून सकाळच्या फेरीबोटीने शेजारच्या गोझो बेटावर जा, जगन्तियाची प्रागैतिहासिक मंदिरं आणि सिटाडेल हा किल्ला बघा आणि संध्याकाळी परत या, हा तुमच्या गोझोवरच्या लेखातला सल्ला हिवाळ्यात ठीक आहे. पण लेखात 15 ऑगस्टच्या सांता मारियाचं, म्हणजे मेरीच्या स्वर्गारोहणाच्या उत्सवाचं, कौतुक करून वर हाच कार्यक्रम सुचवलाय, ते काही पटलं नाही. तिथला उत्सव रंगात येतोच मुळी ऊन उतरल्यावर! दुपारनंतर गोझोची राजधानी व्हिक्टोरियाच्या मुख्य रस्त्यावर चढावर घोड्यांच्या शर्यती होतात. मग संध्याकाळी खांद्यांवरून मेरीची मूर्ती निघते, मागेपुढे बँड, गच्च्यांतून रंगीत कागदांचा पाऊस. आम्ही नुगा या मिठाईच्या गाडीपाशी उभे होतो तर केसांतच नव्हे, नुगातसुद्धा कागद! हे सगळं सोडून परत निघायचं? फेरी रात्रीही असते, तेव्हा घाई कसली. शक्य असेल तर मुक्कामच करा, खोली मात्र फार आधी बघून ठेवा. ऑगस्टमध्ये माल्टाची माणसंही सुट्टीला तिकडेच येतात.

आणखी एक राहिलंच. व्हिक्टोरियात दोन मोठी चर्च, त्यांचे दोन बँड क्लब, आणि एकाच रस्त्यावर दोघांची स्वतंत्र ऑपेरा थिएटरं, आस्ट्रा आणि ऑरोरा. एवढ्याशा गावात! त्यातल्या सेंट जॉर्ज चर्चवाल्यांचा उत्सव जुलैत, तोही तितक्याच ईर्ष्येने. ही चुरस लेखात यायलाच हवी होती. आणि हो, सकाळी सकाळी दारूकामाचे धडाके सुरू होतात, लहान मूल बरोबर असेल तर चर्चपासून जरा लांबची खोली घ्या.