पाय सोडून सगळे काही

नाशिकमध्ये सायकल चालवणाऱ्याची मोठी अडचण अशी की, त्याला स्वतःच्या कष्टांचे कौतुक करवून घेण्याची सोय राहिलेली नाही. या गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ आळीपाळीने सायकल हाकत नऊ दिवसांच्या आत संपवली, आणि २०१७ मध्ये नाशिकच्याच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. त्यामुळे मी ६०० किलोमीटरची तयारी करतो आहे, असे सांगितले की समोरचा आदराने ‘अमेरिकेत का?’ असे विचारतो आणि ‘नाही, धुळ्याच्या बाजूला’ हे उत्तर ऐकून विषय बदलतो.

त्यात ही ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, स्पर्धाही नव्हे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० अशी मुदत असते. त्या मुदतीत पोहोचलेल्या सर्वांची योग्यता सारखीच आणि नंबर कोणाचाच येत नाही. आमच्या शेजारच्या काकांना, जे बँकेतून निवृत्त झाले आहेत, हे पटत नाही. त्यांनी ४० ने ६०० ला भागून ताशी १५ किलोमीटर असा हिशेब मांडला आणि ‘एवढ्यासाठी हेल्मेट?’ असा प्रश्न केला. त्या चाळीस तासांत चहा, पंक्चर, डुलकी आणि उलटा वारा हे सगळे धरलेले असते, हे मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांनी डुलकी न घेण्याचा सल्ला दिला.

लोकांना वाटते की या तयारीत पाय दमतात. पायांची माझी काहीच तक्रार नाही. कसारा घाट उतरून तोच पुन्हा चढताना ते कुरकुरतात, पण रात्री झोपले की विसरतात. खरा प्रश्न बसण्याच्या जागेचा असतो. सीट किती रुंद असावी हे ठरवण्यासाठी बुडाच्या दोन हाडांमधले अंतर मोजावे लागते आणि त्याची घरगुती रीत अशी की, कडक पायरीवर नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर पुढे वाकून दाबून बसायचे आणि उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतले अंतर घ्यायचे. घरात द्राक्षांच्या पेटीचा पुठ्ठा होता. मी जिन्यात बसलो असताना आणि पत्नी शिवणकामाची टेप घेऊन तयार उभी असताना नेमक्या सासूबाई वर आल्या. त्यांनी काहीही विचारले नाही, मात्र त्या दिवसापासून त्या मला ‘जावईबापू, प्रकृतीला जपा’ असे सांगून निघतात. पुढे पॅडची चड्डी आली. तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते आणि कातडी सोलू नये म्हणून मलम लावायचे असते, ही माहिती आईपासून लपवण्यात मला यश आले. चड्डी दोरीवर वाळत घातल्यावर मात्र ‘एवढ्या मोठ्या माणसाला हे कशाला?’ असे तिने गच्चीवरून, सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले.

पावत्यांचे प्रकरण त्या मानाने किरकोळ. ब्रेव्हेत आपण ठरलेल्या ठिकाणी पोहोचलो होतो याचा पुरावा द्यावा लागतो आणि रात्री शिक्का मारायला कोणी नसले की एटीएमची पावती चालते. संसारी माणसाच्या खिशात पहाटे अडीचला परगावी १०० रुपये काढल्याची पावती सापडली, तर तिचा खुलासा आधीच करून ठेवलेला बरा.

खाण्याची तयारी मात्र सायकलीवरून उतरल्यावरही पाठ सोडत नाही. दर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात, भूक लागण्याची वाट पाहायची नसते, आणि पोटाला ही सवय आधीपासून लावावी लागते. नाशिकच्या बहुतेक सायकलस्वारांची रविवारची फेरी मिसळीवर संपते. परंतु तर्री पोटात घेऊन पुढे चांदवडचा घाट चढता येत नाही, म्हणून मी खजूर आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर आलो. वेळ चुकू नये म्हणून मुलाने स्वतःच्या आवाजात मोबाइलवर गजर लावून दिला.

अशातच एका दूरच्या नात्यातल्या आजोबांच्या दहाव्याला रामकुंडावर जावे लागले. पिंडाला कावळा शिवेना. थोरल्या मुलाने हात जोडून ‘सगळ्यांना सांभाळीन’ असे सांगून पाहिले, धाकट्याने जमिनीच्या वाटणीचा विषय काढला, तरी कावळे कठड्यावरून हलेनात. सगळे श्वास रोखून उभे असताना माझ्या खिशातून मुलाचा आवाज खणखणला, ‘बाबा, आता खा!’ आणि त्याच क्षणी एक कावळा खाली झेपावला. ‘नातवंडाची हाक ऐकली हो!’ म्हणत आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला, सगळ्यांनी हात जोडले, आणि वेळापत्रक मोडू नये म्हणून मी पाठ फिरवून लाडू खाल्ला.