ड्रॅगन परवडला, सामान आवर!

जगाचा विनाश उंबरठ्याशी आलेला असताना जगाची तारणहार एका पडक्या स्वयंपाकघरात उभी राहून लाकडी चमचे गोळा करते आहे, हे दृश्य ज्यांना विचित्र वाटतं त्यांनी फँटसी आरपीजी, म्हणजे जादू-राक्षसांच्या जगात एखादं पात्र होऊन खेळायचा व्हिडिओ गेम, हा प्रकार खेळलेला नाही. किंवा खेळला असेल, पण मग त्यांच्या घराला माळा नसावा.

मी अशा बऱ्याच जगांची तारणहार आहे. दिवसा एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात बिलं तपासते आणि रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की हॉलमधल्या टीव्हीसमोर कंट्रोलर घेऊन बसते. शेजारच्या खुर्चीत सासूबाई असतात. त्यांची मालिका साडेनऊला संपते आणि झोप अकराला येते. मधला वेळ माझा. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई तलवार चालवते, मंत्र फेकते, राक्षस लोळवते. तेही होतं, अधूनमधून. बाकीचा वेळ सामान लावण्यात जातो.

सध्याचं उदाहरण म्हणजे बॉल्डर्स गेट ३. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने हा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आणला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान त्यालाच मिळाला. गोष्ट अशी, की तुमच्या डोक्यात कुणीतरी एक अळी सोडलेली आहे. तिचा वेळेत बंदोबस्त केला नाही, तर तुमचं रूपांतर तोंडाला सोंडा फुटलेल्या एका भयानक ध्यानात होणार. सोबतची लेझेल नावाची योद्धी तर सारखी मागे लागलेली असते, चला, चला, वेळ नाही. मी तिला 'आलेच' म्हणते आणि आणखी एक पिंप उघडते. खोके, पेट्या, फडताळं, मेलेल्यांचे खिसे, काही सोडायचं नाही. पिंपात सडकं सफरचंद निघालं, तर हळहळत का होईना, घ्यायचंच. आणि दोर. दोराचा या गेममध्ये काडीचाही उपयोग नाही, असं माझ्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने मला बजावून सांगितलेलं आहे. पण धडधाकट दोर डोळ्यांसमोर पडलेला असताना तो तसाच टाकून पुढे जायला छाती लागते.

"घे गं," सासूबाई म्हणाल्या, "दोर कधीही लागतो."

"आजी, नाही लागत!" लेक ओरडली. "त्याचं काहीच होत नाही."

"आज नाही लागत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

खाण्याच्या वस्तूंचं मात्र समर्थन करता येतं. तळावर रात्रीची पुरी विश्रांती घ्यायची, तर शिध्याचे ४० गुण खर्ची पडतात, कठीण पातळीवर ८०. म्हणजे चार माणसांची जेवणं. त्यामुळे मिळेल तो पाव, मासा, कांदा उचलणं हे कर्तव्यच ठरतं. या शिध्यात दारूच्या बाटल्याही धरल्या जातात, हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही. त्या त्याला सरबत समजतात.

घोळ होतो तो कोणी किती उचलायचं यावरून. प्रत्येकाची ताकद ठरलेली. गेल नावाचा आमचा जादूगार विद्वान, बोलायला गोड, पण ताकद ८. लेझेलची १७. मग सगळी चिलखतं, हातोडे आणि तो दोर कुणाच्या पाठीवर, हे सांगायला नको. पहिल्या दिवशी तिचा हिरवट चेहरा आणि फटकळ तोंड बघून सासूबाईंनी "कोण गं ही भवानी?" असं विचारलं होतं. आता म्हणतात, "तोंडाची वाईट आहे, पण कामाला वाघ." गेलबद्दल मात्र त्यांचं मत सुधारायला तयार नाही. कारण हा गृहस्थ उचलत काही नाही आणि वर खातो. छातीत काहीतरी मंतरलेली भानगड अडकून बसल्यामुळे त्याला सुरुवातीला जादूच्या वस्तू पुरवाव्या लागतात. त्या तो शोषून घेतो. संपल्या! जिवावर उदार होऊन मिळवलेली अंगठी याच्या छातीत घालायची? मी दोन रात्री टाळाटाळ केली. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. "अगं, नको असलेलं दे ना. ओटीत आलेले ब्लाउजपीस नाही का आपण फिरवत?" तेव्हापासून गेलच्या वाट्याला सगळ्यात भिकार बूट जातात. तोही तक्रार करत नाही. ब्लाउजपीस मिळालेल्या बायका तरी कुठे करतात.

या सगळ्या ओझ्याला जबाबदार कोण, याचा मी शोध घेतला. अकाउंट्समधल्या माणसाला खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा हे कळल्याशिवाय झोप येत नाही. तर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा खेळ छापला. बॉल्डर्स गेट त्याच्याच नियमांवर उभा आहे. ड्रॅगन, मंत्र, बुटके, एल्फ यांच्याबरोबर या दोघांनी एक नियमही घालून ठेवला, की वीराने किती वजन उचलावं याला हद्द आहे. सुरुवातीला वजन मोजायचं माप होतं सोन्याचं नाणं. अमुक हत्यार इतक्या नाण्यांच्या भाराचं, अमुक चिलखत तितक्या. माणसाने उडत्या सरड्याशी लढावं हे मान्य, पण चार तलवारी जास्त उचलल्या तर पाठ धरली पाहिजे, हा वास्तववाद कुणाला सुचला असेल! पन्नास वर्षं झाली, ती पाठ अजून सुटलेली नाही.

आणि या पाठदुखीची राजधानी म्हणजे स्कायरिम. ११ नोव्हेंबर २०११ ला आलेला हा गेम लोक आजही खेळतात, मीही मधूनमधून माहेरी जावं तशी तिथे जाऊन येते. सुरुवातीला तुमची मर्यादा असते ३०० वजनाची. ३०१ झालं, की पळणं बंद. नकाशावर बोट ठेवून क्षणात दुसऱ्या गावी पोचण्याची सोयही बंद. आता या गेममध्ये आकाशातून ड्रॅगन येतात. ते आग ओकतात, चावतात, पण तो भाग सोपा आहे. ड्रॅगन मेला, की खरं संकट सुरू होतं. कारण त्याच्या सापळ्यात हाडं असतात, प्रत्येकी १५ वजनाचं एक, आणि खवले असतात, प्रत्येकी १०. विकायला गेलं तर सोन्याचा भाव. ते डोंगरावर टाकून यायचे? कुणाच्या बापाने टाकले होते?

मग मी बर्फात, वादळात, उघड्या कड्यावर सामान उपसून बसते. काय टाकू? वाटीभर मीठ? ते तर स्वयंपाकाला लागतं. नऊ पुस्तकं? अजून वाचायची आहेत. (वाचणार नाही. पण म्हणून टाकायची?) शेवटी मार्ग एकच उरतो, खाण्याचा. स्कायरिममध्ये मेनू उघडला की जग थांबतं आणि थांबलेल्या जगात वाटेल तितकं खाता येतं. चीजची अख्खी चाकं, कच्चे कोबी, बटाटे, वर मधाची दारू. ड्रॅगन मारणारी वीरांगना एका श्वासात तीन दिवसांचा बाजार खाते आणि दोन पावलं चालते. अजून जास्तच! मग आणखी एक कोबी.

अशा वेळी लिडिया असते म्हणून बरं. व्हाइटरन शहराच्या सरदाराने ही अंगरक्षक दिमतीला दिलेली असते. तिच्यापुढे पोतं उघडलं, की ती म्हणते, "तुमचा भार वाहण्याची मी शपथ घेतली आहे." शब्द निष्ठेचे, पण सूर असा, की ऐकणाऱ्याने ओशाळावं. सासूबाईंनी तो सूर पहिल्याच खेपेला ओळखला. "परवा ह्याला गिरणीत पाठवला तेव्हा असाच म्हणाला होता, 'आणतो.'" ह्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो पलीकडे मोबाइलवर क्रिकेट बघत होता. त्याने मान वर केली नाही, पण आवाज वाढवला.

एवढं वाहून गावात आणावं, तर दुकानदाराच्या गल्ल्यात ७५० नाणी. त्याहून जास्त तो देऊच शकत नाही. म्हणजे जगाचं भवितव्य माझ्या हातात आणि मी एका किराणावाल्याच्या दारात, तो पुन्हा पैसे कधी जमवतो याची वाट बघत उभी. उधारीचे, हप्त्याचे व्यवहार तिथे नाहीत. माझ्यासारखीने तिथे एक पतपेढी काढली असती, तर ड्रॅगनांपेक्षा मोठं कार्य झालं असतं.

बाकीच्या जगांतही फार वेगळं नाही. विचर ३ मध्ये हरवलेल्या मानसकन्येला शोधायला निघालेला गेराल्ट वाटेतलं एकेक झुडूप ओरबाडत जातो. २०१५ च्या मे महिन्यात गेम आला, तेव्हा त्या पाल्यापाचोळ्याचंही वजन धरलं जायचं. लोकांनी एवढी बोंब मारली, की जुलैतल्या दुरुस्तीत ते वजन माफ झालं आणि सामान ठेवायला पेटारा मिळाला. सरकारदरबारी इतकी तत्परता मी पाहिलेली नाही. २०२४ च्या ड्रॅगन्स डॉग्मा २ मध्ये तर आणखी गंमत. तिथे तुमचा देह जितका भरभक्कम, तितकं ओझं जास्त उचलता येतं. मी नायिका चांगली अंगापिंडाने भरलेली केली. लेकीने तिला काय काय नावं ठेवली, पण सासूबाई म्हणाल्या, "आता कशी घरंदाज दिसते." एकच पंचाईत, तिथे मांस साठवलं की सडतं. असल्या गेमवर आमच्या घराचा विश्वास बसत नाही.

वजनाची भानगडच नसलेले गेमही आहेत, नाही असं नाही. २०२५ मध्ये ज्याचा बोलबाला झाला तो फ्रान्समधल्या लोकांनी केलेला क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३. सुंदर, सुटसुटीत, पाठीवर काही नाही. पण त्यात एक चित्रकर्ती दरवर्षी एका स्तंभावर आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं धूर होऊन विरून जातात. गोष्ट सुरू होते तेव्हा आकडा ३३ वर आलेला असतो. मी, नवरा, सासूबाई, आमचा अख्खा वाडा कधीच विरलेला. लेक खुशीत होती.

हे सगळं जमवून होतं काय, तर काहीच नाही. बॉल्डर्स गेटची शेवटची लढाई मी परवा जिंकले. वर आकाश फाटलेलं, खाली शहर पेटलेलं, आमचे दोघे जमिनीवर आडवे, आणि पोतडीत जखमा भरणाऱ्या लाल बाटल्या खच्चून भरलेल्या. अग्निगोळ्यांचे मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या वेगळ्याच.

"मम्मा, वापर!" लेक किंचाळत होती. "ही शेवटची लढाई आहे. यापुढे गेमच नाही!"

"अगं, पण अजून थोडं कठीण काही आलं तर?"

"चांगल्या बाटल्या अशा ऐनवेळी उघडायच्या नसतात," सासूबाईंनी निकाल दिला.

श्रेयनामावली सरकायला लागली. बाटल्या एकूण एक शाबूत. मी लगेच नवा डाव सुरू केला, तर हात रिकामे! या गेममध्ये जुनं काही पुढे नेताच येत नाही. चमचे गेले. दोर गेला. सासूबाईंनी सरळ विचारलं, "तक्रार कुठे करायची असते?"

मग लेकीने स्वतःचा एल्डन रिंग लावून दिला. फेब्रुवारी २०२२ चा गेम, त्याच्या जगाचा पूर्वेतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिननी लिहिलेला. तिथे पोतडीत काय आणि किती कोंबलं याचा हिशेबच नाही, फक्त अंगावर काय चढवलंय तेवढंच मोजतात. एकदा गेम संपवून पुन्हा सुरू केला, तरी हत्यारं आणि चिलखतं सोबत येतात. ऐकून माझे डोळे भरून आले. सुरुवातीच्या गुहेतून बाहेर पडले, समोर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरत होता, त्याने मला एका फटक्यात मारलं. मग पुन्हा मारलं.

"नाही जमणार, आई," मी कंट्रोलर खाली ठेवला. "इथे मी सारखी मरणार."

सासूबाईंनी नातीकडे वळून विचारलं, "मेल्यावर सामान जातं का गं?"

"नाही आजी. रून्स म्हणजे पैसे पडतात फक्त. तेसुद्धा परत जाऊन उचलता येतात."

"मग मर की," सासूबाई म्हणाल्या. "आणि तिकडे डावीकडे काहीतरी चमकतंय, ते आधी घे."