ऑक्सिजन टाकीत कशाला भरायचा?

वादाला तोंड फोडलं संज्यानं. त्याचं स्वतःचं गॅरेज, त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत शेवटचा शब्द आपलाच, याबद्दल त्याला कधीच शंका नसते. "हवा स्वच्छ राहावी म्हणून पेट्रोलमध्ये ऑक्सिजनवाली रसायनं मिसळतात म्हणे. अरे, गाडी हवेतला ऑक्सिजन घेतेच की फुकट! तो टाकीत कशाला भरायचा?"

मनीषा रसायनशास्त्र शिकवते. असं काही कानावर आलं की तिला गप्प बसवत नाही. "घेते रे, पण किती घ्यायचा हे जुन्या गाडीला कुठं कळत होतं? एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर एकदा सेट केला की तो आपला ठरल्यासारखं पेट्रोल सोडत राहतो. त्यात थंडीत चोक ओढलास तर मिश्रण किती रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, ते मी तुला सांगायला नको. हवा कमी पडली की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होत नाही, काम कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूवरच अडतं. आता इंधनाच्या रेणूतच ऑक्सिजन असला तर जाळायला तेवढी हवा कमी लागते. १० टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, घातलं तर तो १४.७चा आकडा १४.१च्या आसपास येतो. म्हणजे कार्ब्युरेटरला हात न लावता मिश्रण लीन झालं, त्यात पेट्रोलच्या मानानं हवा वाढली."

"लीन झालं म्हणजे गाडी झटके देणार."

"थोडी देईल. पण लाखो गाड्यांचे कार्ब्युरेटर ठीकठाक करत बसण्यापेक्षा पंपावरचं पेट्रोल बदलणं सोपं, असा तो हिशेब होता."

हा हिशेब अमेरिकेत मांडला गेला. डेन्व्हरला हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत कोंडते आणि गाड्यांचा धूर वर जात नाही, म्हणून तिथल्या भागात १९८८ पासून हिवाळ्यापुरतं असं पेट्रोल सक्तीचं झालं. १९९० मध्ये अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. नोव्हेंबर १९९२ पासून, ज्या शहरांत कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर होता तिथं हिवाळी पेट्रोलमध्ये वजनानं २.७ टक्के ऑक्सिजन बंधनकारक झाला. धुरकं जास्त असलेल्या शहरांसाठी १९९५ पासून बारमाही 'सुधारित' पेट्रोल आलं, त्यात ऑक्सिजन २ टक्के.

अविनाशनं बरीच वर्षं रिफायनरीत ब्लेंडिंगचं काम केलंय. तो आकड्यांशिवाय बोलत नाही, आणि मुद्द्यावर यायला वेळ लावतो. "२.७ टक्के गाठायला एमटीबीई, म्हणजे ऑक्सिजनवालं एक ईथर, घातलं तर १५ टक्के लागतं आणि इथेनॉल घातलं तर साडेसात-आठ टक्क्यांत भागतं. कारण इथेनॉलच्या वजनात ३५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन, एमटीबीईत १८."

"मग निम्म्यात भागतंय तर सगळ्यांनी इथेनॉलच का नाही घेतलं?" बापूंनी विचारलं. बापू वयानं आमच्यापेक्षा बरेच मोठे. ते कमी बोलतात, पण प्रश्न नेमका विचारतात.

"बापू, रिफायनरीवाल्याच्या जागी उभं राहून बघा. एमटीबीई मिथेनॉल आणि आयसोब्युटिलीनपासून होतं. आयसोब्युटिलीन आमच्याच कारखान्यात निघतं. तयार माल पेट्रोलमध्ये बेमालूम मिसळतो, पाइपलाइननं कुठंही जातो, ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याचा आकडा, शंभरच्या बरंच वर. इथेनॉलचं ऑक्टेनही चांगलं, पण ते पाणी ओढून घेतं. पाइपलाइनमध्ये पाणी कुठंतरी असतंच. ते वाजवीपेक्षा जास्त मिसळलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. म्हणून ते वेगळं न्यायचं आणि डेपोवर शेवटच्या टप्प्यात मिसळायचं."

"आणि वाफ?" मनीषा म्हणाली.

"हो, वाफ. ही गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. नुसतं इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडतं. पण पेट्रोलमध्ये १० टक्के मिसळलं की मिश्रणाचा वाफदाब दोन्हींपेक्षा वर जातो. मूळ पेट्रोलच्या दाबात साधारण एक पीएसआयची, म्हणजे सात किलोपास्कलची भर पडते."

"कारण नुसत्या इथेनॉलमध्ये रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात," मनीषानं पुढं नेलं. "पेट्रोलच्या गर्दीत ते एकेकटे पडतात, मग धरायला कोणी नाही. ते सुटतात, आणि हलक्या हायड्रोकार्बनांनाही वर काढतात."

"म्हणजे धुराड्यातून कमी आणि टाकीतून जास्त!" संज्याला हवा तो मुद्दा सापडला. "मी काय म्हणत होतो?"

इथं मला संज्याची बाजू घ्यावीशी वाटली. उन्हाळ्यात टाकीतून, नळ्यांतून उडालेली वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. दमेकऱ्यांचा खरा वैरी तो. हिवाळ्यात कार्बन मोनॉक्साइड कमी करायला निघालेलं पेट्रोल उन्हाळ्यात ओझोनला खाद्य पुरवणार असेल, तर त्याला स्वच्छ म्हणायचं कोणत्या तोंडानं? अविनाशचं उत्तर असं, की रिफायनरीनं मूळ पेट्रोलमधले ब्युटेन-पेंटेनसारखे हलके घटक आधीच काढून घेतले तर दाब हवा तेवढा ठेवता येतो. येतो, पण ते कोणी करायला लावलं तर. अमेरिकेनं साध्या १० टक्के मिश्रणाला उन्हाळ्यात एक पीएसआयची सूटच देऊन ठेवली होती.

बापूंनी चर्चेची गाडी मागं वळवली. "ते एमटीबीई हवेसाठीच शोधलं का?"

"नाही हो. ते आलं १९७९ मध्ये, शिशाच्या जागी." अविनाश आता रंगात आला. "पेट्रोल फार लवकर पेटलं की इंजिन ठोकतं. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला टेट्राएथिल लेड सापडलं. चिमूटभर टाकलं की ठोकणं बंद. अल्कोहोलनंही ते थांबतं हे त्या लोकांना ठाऊक होतं. पण अल्कोहोल लागतं बक्कळ, शिसं लागतं चिमूटभर. पुढची कित्येक दशकं जगभरच्या पोरांनी शिसं श्वासातून घेतलं. पेट्रोलपंपावर शिसं विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथं ते बंद झालं २०२१ मध्ये. शंभर वर्षं!"

"आणि शिसं काढल्यावर ऑक्टेन कुठून आणायचं हा प्रश्न," मनीषा म्हणाली. "दोनच मोठे रस्ते. एक, बेंझिन, टोल्युइन, झायलीन ही ॲरोमॅटिक मंडळी वाढवायची. त्यातल्या बेंझिननं रक्ताचा कॅन्सर होतो, आणि बाकीचे काजळी वाढवतात. दुसरा, ऑक्सिजनवाली रसायनं. म्हणून १९९५च्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजनचा किमान आकडा होता तसा बेंझिनवर एक टक्क्याचा कमाल आकडाही होता. मला विचारशील तर हवेचं भलं झालं ते या दुसऱ्या आकड्यानं जास्त."

त्या दिवशी झालेल्या सगळ्या बोलण्यात मला हे वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. टाकीत ११ टक्के एमटीबीई आलं म्हणजे ११ टक्के दुसरं काहीतरी बाहेर गेलं. बाहेर जाणारं शिसं किंवा बेंझिन असेल तर फायदा ढळढळीत आहे, मग आत आलेल्या रेणूत ऑक्सिजन असो वा नसो. श्रेय मात्र ऑक्सिजनच्या नावावर जमा झालं.

संज्या इतक्यात हार मानणाऱ्यातला नाही. "बरं, मग एवढं गुणी एमटीबीई अमेरिकेनं हाकलून का दिलं?"

अविनाश जरा गप्प झाला. शेवटी मनीषाच बोलली. "पाण्यामुळे. पेट्रोलपंपांच्या जमिनीखालच्या टाक्या गळतात, हे सगळ्यांनाच माहीत होतं. साधं पेट्रोल गळलं तर ते मातीला चिकटतं, जिवाणू हळूहळू त्याला खातात, फार दूर जात नाही. एमटीबीई लिटरभर पाण्यात चाळीस-पन्नास ग्रॅम विरघळतं, मातीला धरत नाही, सहजी कुजत नाही. ते भूजलाबरोबर चालू लागतं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला शहराच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. जवळपास निम्मं पाणी गेलं त्यांचं."

"विषारी?"

"तेच अवघड आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९९ मध्ये त्याला तिसऱ्या गटात टाकलं होतं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा तेव्हा नव्हता. पण वास आणि चव इतकी घाण, टर्पेंटाइनसारखी, की पाण्याच्या एक अब्ज भागांत २० ते ४० भागांपेक्षा जास्त असू नये असं अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं १९९७ मध्ये सुचवलं. कोण पिणार ते पाणी?"

"मग दोष टाकीचा की रसायनाचा?" अविनाश पुन्हा उठला. "युरोपात एमटीबीई आणि त्याचा भाऊ ईटीबीई अजून वापरतात. टाक्या नीट ठेवा की!"

"अव्या, गळणाऱ्या टाक्या आहेत हे माहीत असताना त्यात पाण्याबरोबर पळणारं रसायन भरलं, त्याला काय म्हणायचं?" संज्या म्हणाला. "माझ्याकडे ब्रेक गेलेली गाडी आली आणि मी तिला नवा टर्बो लावून रस्त्यावर सोडली तर?"

यावर अविनाशकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर त्या काळच्या नियम करणाऱ्यांकडेही नव्हतं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं एमटीबीई बंद करण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा अहवाल आला, की ओझोन कमी करण्यात या ऑक्सिजनचा वाटा फारच थोडा आहे. पर्यावरण खात्यानं नेमलेल्या तज्ज्ञ मंडळानंही सांगितलं, की एमटीबीई भरपूर कमी करा आणि २ टक्क्यांची सक्ती काढून टाका. ती सक्ती निघाली २००५च्या कायद्यानं. मधली सहा वर्षं शेतकरी, तेलकंपन्या आणि राज्यं यांच्या ओढाताणीत गेली, त्यात शिरत नाही. कायद्यानं एका हातानं ऑक्सिजनची अट काढली आणि दुसऱ्या हातानं जैवइंधनाची अट घातली. इथेनॉल राहिलंच, कारण मात्र बदललं.

"म्हणजे रोग बरा करा असं सांगायचं सोडून अमुक गोळी अमुक इतकी घ्या, असा कायदा केला होता," बापू म्हणाले. "मग गोळी बदलायला कायदाच बदलावा लागणार."

"आणि तोवर रोगीच बदलला होता," संज्या हसला. आता तो त्याच्या प्रांतात होता. "आजच्या गाडीत सायलेन्सरच्या नळीवर ओ-टू सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरला सांगतो, जरा जास्त सोड. तुम्ही टाकीत ऑक्सिजन घातलात की तो तेवढं पेट्रोल वाढवून हिशेब बरोबर करतो. मिश्रण जिथं होतं तिथंच. वर धूर साफ करणारा तीन-मार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उरलेला मोनॉक्साइड जाळायला बसलेलाच. मग तुमच्या ऑक्सिजननं केलं काय? ॲव्हरेज घटवलं! इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा एक तृतीयांश कमी. १० टक्के मिश्रणाला तीनेक टक्के ॲव्हरेज गेलं."

"गाडी थंड असताना?" मनीषानं अडवलं. "सुरू केल्यावर सेन्सर आणि कन्व्हर्टर गरम व्हायच्या आधी?"

"तेव्हा थोडा फायदा," संज्यानं कबूल केलं. "पहिलं मिनिट-दोन मिनिटं." मग लगेच, "पण त्याहून जास्त फायदा पेट्रोलमधलं गंधक काढल्यानं झालाय. गंधकानं कन्व्हर्टर मरतो, हे मी रोज बघतो."

इथं मनीषानं ब्राझीलचा विषय काढला आणि चर्चा पार गुंतली. साओ पावलोत बहुतेक गाड्या पेट्रोल, इथेनॉल, काहीही पितात, आणि भाव बघून लोक इंधन बदलतात. शहराएवढी प्रयोगशाळा आयती मिळाली. २०१४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं, की इथेनॉल सोडून लोक पेट्रोलकडे वळले तेव्हा ओझोन वाढला नाही, उलट सुमारे २० टक्क्यांनी घटला. २०१७च्या अभ्यासात दिसलं, की त्याच अदलाबदलीत अतिसूक्ष्म कण मात्र वाढले. म्हणजे इथेनॉलनं कण कमी, ओझोन जास्त. पेट्रोलनं ओझोन कमी, कण जास्त. शिवाय इथेनॉल जळताना ॲसिटाल्डिहाइड येतं, एमटीबीई जळताना फॉर्माल्डिहाइड.

"मग फुप्फुसानं कशाला हो म्हणायचं?" बापू.

"त्या शहराच्या हवेत आधीच काय आहे त्यावर," मनीषा म्हणाली. "नायट्रिक ऑक्साइड खूप असेल तर ते ओझोनला खातं. ते थोडं कमी केलं तर ओझोन वाढूही शकतो. एका शहराचं उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही."

अविनाशला हे अजिबात पटलं नाही. त्याचं म्हणणं, ऑक्टेन तर हवंच आहे. इथेनॉल नको म्हणाल तर ॲरोमॅटिक घाला, ॲरोमॅटिक नको म्हणाल तर एमटीबीई घाला. "तिन्ही नको म्हणणारा मला भेटतो, पण चौथं काय ते सांगत नाही." यावर संज्या म्हणाला, चौथी बॅटरी. मग अर्थातच तो वाद सुरू झाला. त्याचा वृत्तांत पुन्हा कधी.

निघता निघता बापूंनी आपल्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या स्कूटरचं विचारलं. इथेनॉलचं पेट्रोल भरल्यापासून ती सकाळी अडखळते.

"सोपं आहे बापू," संज्या म्हणाला. "मिश्रण लीन पडतंय. रबरी नळ्या बदलून टाकतो आणि कार्ब्युरेटरला एक नंबर मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी तोटी, लावतो. पेट्रोल जास्त जाईल, एकदम मस्त चालेल."

मनीषा त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, या सगळ्या ऑक्सिजनचा ज्या गाडीला खरोखर उपयोग आहे अशी आपल्यात ही एकच गाडी. आणि तू जेट मोठा करून तिचा मोनॉक्साइड परत होता तिथं नेऊन ठेवणार?"

"मग सकाळी ढकलायला तू येणार का?" संज्यानं विचारलं.

बापू म्हणाले, जेट लाव.